धोकादायक कारखान्यांवर लक्ष ठेवण्याचा खर्च कोण उचलतं? परवाना शुल्काचं गणित समजून घ्या

१ फेब्रुवारी २०२४. छत्रपती संभाजीनगरच्या जालना रोडवर, सिडको उड्डाणपुलाजवळ, पहाटे एक एलपीजी टँकर दुभाजकाला धडकला आणि गॅसगळती सुरू झाली. काही तास शहराचा हा सगळ्यात वर्दळीचा रस्ता बंद राहिला. परिसरातली वीज तोडली गेली, शाळांना सुट्टी द्यावी लागली, लोकांना लांब राहायला सांगण्यात आलं. अग्निशमन दल तासन् तास पाण्याचा मारा करत होतं. सुदैवाने स्फोट झाला नाही.

त्या दिवशी शहराला एक गोष्ट समजली. धोकादायक रसायन किंवा वायू एमआयडीसीच्या कुंपणाआड राहत नाही, तो रोज शहरातून ये-जा करतो. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, पैठण इथल्या कारखान्यांमध्ये तो साठवला जातो, वापरला जातो. या साठ्यांवर, बॉयलरवर, रिअॅक्टरवर सरकारी यंत्रणेने लक्ष ठेवायचं असतं. पण त्यासाठी अधिकारी लागतात, वाहनं लागतात, तपासणी लागते. हा खर्च कोण करतं? कारखाने परवान्यासाठी जे शुल्क भरतात, त्यातून तो भागतो का? आणि जास्त धोका असलेल्या कारखान्याला जास्त शुल्क पडतं का?

थोडक्यात सांगायचं तर

- कारखान्याच्या परवान्याचं शुल्क मुख्यतः अश्वशक्ती आणि कामगारांची संख्या यांवर ठरतं. साठवलेल्या रसायनाचं वजन हा त्याचा पाया नाही.
- हे शुल्क राज्याच्या तिजोरीत जातं, तपासणी करणाऱ्या कार्यालयाच्या खात्यात नाही.
- सुरक्षा ऑडिट आणि यंत्रांची तपासणी यांचे पैसे कारखाना थेट खासगी तज्ज्ञांना देतो.
- ब्रिटनमध्ये मोठ्या धोक्याच्या कारखान्यांना निरीक्षकाच्या वेळेचं तासावर बिल येतं. भारतात तशी पद्धत नाही.

कारखान्यांवर लक्ष कोण ठेवतं?

महाराष्ट्रात हे मुख्य काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचं आहे. उद्योग क्षेत्रात सगळे त्याला 'डिश' म्हणूनच ओळखतात. जुन्या लोकांच्या तोंडी अजून 'फॅक्टरी इन्स्पेक्टरचं ऑफिस' असतं. हे संचालनालय राज्याच्या कामगार विभागाखाली येतं आणि छत्रपती संभाजीनगरमध्येही त्याचं कार्यालय आहे. कारखान्याच्या आराखड्याला मंजुरी, परवाना, तपासणी, अपघाताची चौकशी आणि खटला भरणं ही त्याची कामं.

पण एका कारखान्यात हे एकटंच खातं येत नाही. बॉयलर असेल तर बाष्पके संचालनालय येतं. पेट्रोल, डिझेल, एलपीजी, दाबाखालचे वायू किंवा स्फोटकं असतील तर केंद्र सरकारची पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना, म्हणजे 'पेसो' येते. पेसोचं मुख्यालय नागपूरला आहे. सांडपाणी, धूर आणि घातक कचरा यांसाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, म्हणजे एमपीसीबी. आगीच्या बाबतीत एमआयडीसीचं किंवा महापालिकेचं अग्निशमन दल. यातली प्रत्येक यंत्रणा स्वतःचा परवाना, संमती किंवा ना हरकत दाखला देते आणि प्रत्येकाचं शुल्क वेगळं असतं.

आणखी एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. १९४८च्या कारखाना कायद्याच्या कलम ८नुसार जिल्हाधिकारी हेसुद्धा आपल्या जिल्ह्यापुरते कारखाना निरीक्षक असत.

'धोकादायक' कारखाना नेमका कोणता?

बोलीभाषेत आपण कुठल्याही केमिकल कंपनीला धोकादायक म्हणतो. कायद्यात मात्र याचे दोन वेगळे अर्थ आहेत.

पहिला, 'धोकादायक प्रक्रिया' असलेला कारखाना. २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या रात्री भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. त्यानंतर १९८७मध्ये कारखाना कायद्यात एक नवं प्रकरण घालण्यात आलं. त्याला जोडलेल्या परिशिष्टात धोकादायक प्रक्रिया असलेल्या उद्योगांची यादी आली. अशा कारखान्याने धोक्याची माहिती कामगारांना, निरीक्षकाला आणि आसपासच्या लोकांना देणं बंधनकारक झालं. जीवाला धोका दिसत असेल तर तसा इशारा देण्याचा हक्क कामगारांना मिळाला.

दुसरा, 'मोठ्या अपघाताचा धोका' असलेला कारखाना. उद्योगात त्याला 'एमएएच युनिट' म्हणतात. हे ठरतं १९८९च्या घातक रसायनांच्या निर्मिती, साठवण आणि आयातीसंबंधीच्या नियमांवरून. हे नियम पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे आहेत. इथे कारखाना कोणता माल बनवतो यापेक्षा कोणतं रसायन किती साठवतो हे पाहिलं जातं.

उदाहरणार्थ, क्लोरीनसाठी पहिली मर्यादा आहे १० टन, वरची २५ टन. अमोनियासाठी ६० टन आणि ६०० टन. क्लोरीन बहुतेक वेळा ९०० किलोच्या टोनरमध्ये येतं. म्हणजे एका आवारात असे १२ भरलेले टोनर ठेवले की साठा १०.८ टन होतो आणि ती जागा एमएएचच्या कक्षेत येते. पाणी शुद्ध करण्यासाठी वापरतात तोच हा वायू.

या कक्षेत आलं की कामं वाढतात. ठरावीक मर्यादेच्या वर गेल्यावर सविस्तर सुरक्षा अहवाल द्यावा लागतो. कारखान्याच्या आतल्या आपत्कालीन आराखड्याची दर सहा महिन्यांनी रंगीत तालीम घ्यावी लागते. कारखान्याशी संबंध नसलेल्या तज्ज्ञाकडून सुरक्षा ऑडिट करून घ्यावं लागतं. कुंपणाबाहेरचा आराखडा मात्र जिल्हा प्रशासनाने करायचा असतो आणि त्याचीही वर्षातून किमान एकदा तालीम व्हायला हवी.

थोडक्यात, धोका मोजायचं माप कायद्याकडे आहे. ते टनांमध्ये आहे आणि रसायनानुसार वेगळं आहे.

मग परवान्याचं शुल्क याच मापाने ठरतं का?

नाही. कारखाना कायद्याच्या कलम ६ने परवाना आणि नूतनीकरणाचं शुल्क ठरवण्याचा अधिकार राज्यांना दिला. महाराष्ट्रात १९६३च्या महाराष्ट्र कारखाने नियमांमध्ये त्याचा तक्ता आहे. त्या तक्त्याचे दोन मुख्य आधार आहेत. कारखान्यात बसवलेल्या यंत्रांची एकूण अश्वशक्ती किती आणि एका दिवसात जास्तीत जास्त किती कामगार कामावर असतील. एका बाजूला अश्वशक्ती, दुसऱ्या बाजूला कामगारसंख्या. दोन्ही रेषा जिथे मिळतात ती रक्कम भरायची.

यामागचा विचार जुना आणि त्या काळाला धरून होता. गिरण्यांच्या काळात धोका म्हणजे फिरणारे पट्टे, गिअर, चाकं. जितकी अश्वशक्ती जास्त तितकी यंत्रं जास्त, जितके कामगार जास्त तितकी माणसं धोक्यात. निरीक्षकाला मोठा कारखाना पाहायला वेळही जास्त लागायचा.

रासायनिक कारखान्याला हे माप नीट बसत नाही. दोन काल्पनिक कारखाने घेऊ. एक वाळूजमधला वाहनांचे सुटे भाग बनवणारा प्रेस शॉप. मोठाल्या मोटारी, ४०० कामगार. दुसरा १५ कामगारांचा, छोट्या पंपांवर चालणारा, पण शेडमध्ये क्लोरीनचे १२ टोनर ठेवणारा. तक्त्यात पहिला कारखाना वरच्या पायरीवर बसेल, दुसरा तळाशी. पहिल्यात अपघात झाला तर यंत्राजवळच्या कामगाराला इजा होईल. दुसऱ्यात व्हॉल्व्ह निकामी झाला तर वायू वाऱ्याच्या दिशेने शेजारच्या वस्तीत जाईल.

निरीक्षकाचं कामही दुसऱ्या ठिकाणी जास्त आहे. तिथे आराखडा वाचायचा, अहवाल तपासायचा, तालीम पाहायची. १९८९च्या नियमांनी हे काम कारखाना निरीक्षकांच्या खात्यावर टाकलं. पण त्यासाठी लागणाऱ्या वेळेचे पैसे तासाच्या दराने घ्यायची तरतूद त्यात केली नाही.

इतर खात्यांची मापं वेगळी आहेत. एमपीसीबीचं संमती शुल्क उद्योगाच्या भांडवली गुंतवणुकीवर ठरतं. उद्योग लाल, नारिंगी की हिरव्या गटात आहे यावर संमतीच्या अटी आणि मुदत ठरते. बॉयलरचं शुल्क त्याच्या आकाराशी जोडलेलं असतं. पेट्रोलियमच्या परवान्यात पेसो साठवणुकीची क्षमता पाहते, म्हणजे तिथे शुल्क आणि धोका यांचा थेट संबंध थोडाफार दिसतो. त्यातही जुलै २०२४मध्ये केंद्र सरकारने पेसोच्या परवाना शुल्कात महिला उद्योजकांना ८० टक्के आणि सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांना ५० टक्के सवलत जाहीर केली. लहान उद्योजकाला ती हवीच असते. पण उद्योग लहान आहे म्हणून साठवलेल्या वायूचा धोका अर्धा होत नाही आणि तो तपासायला लागणारा वेळही अर्धा होत नाही.

भरलेले पैसे जातात कुठे?

डिशचं शुल्क कारखानदार 'ग्रास' या सरकारी प्रणालीतून चलनाने भरतात. ते राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतं, जिथे मुद्रांक शुल्कापासून जीएसटीपर्यंत राज्याचं सगळं उत्पन्न जातं. मग डिशला किती पैसे द्यायचे, किती पदं भरायची, गॅस मोजायची उपकरणं घ्यायची की नाही, हे अर्थसंकल्पात वेगळं ठरतं. शुल्क वाढलं म्हणून निरीक्षक वाढतील असं नाही.

एमपीसीबीचं तसं नाही. १९७४च्या जल प्रदूषण कायद्यानुसार राज्य मंडळाचा स्वतःचा निधी असतो आणि शुल्काची रक्कम त्यात येते. म्हणजे एकाच कारखान्याच्या सांडपाण्यावर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेचं स्वतःचं खातं आहे आणि त्याच कारखान्यातल्या कामगाराच्या जीवावर लक्ष ठेवणाऱ्या खात्याला दरवर्षी मंत्रालयाकडे पाहावं लागतं.

पेसोचं शुल्क केंद्राच्या तिजोरीत जातं. अग्निशमनाचे पैसे त्या त्या नियोजन प्राधिकरणाकडे किंवा स्थानिक संस्थेकडे जातात.

हे शुल्क आहे की कर?

हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही. १९५४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मद्रासच्या शिरूर मठाच्या खटल्यात फरक समजावून सांगितला. कर सर्वसाधारण कामांसाठी घेतला जातो, तर शुल्क एखाद्या विशिष्ट सेवेच्या मोबदल्यात. त्याच वर्षी रतिलाल पानाचंद गांधी विरुद्ध मुंबई राज्य हा खटला निकाली निघाला. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली न्यासांकडून घेतली जाणारी वर्गणी न्यायालयाने शुल्क म्हणून मान्य केली. तो पैसा वेगळ्या निधीत जातो आणि न्यासांवर देखरेख ठेवण्याच्या कामालाच वापरला जातो, हे त्यामागचं एक महत्त्वाचं कारण होतं.

म्हणजे देखरेख ज्याच्यावर, खर्चही त्याच्याकडून आणि तो वेगळ्या खात्यात, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. देवस्थानं आणि शिक्षणसंस्थांच्या बाबतीत ती ७० वर्षांपूर्वीच न्यायालयात टिकली आहे.

पुढच्या निकालांमध्ये न्यायालयांनी आणखी एक फरक केला. सेवेसाठीचं शुल्क वेगळं आणि नियमनासाठीचं परवाना शुल्क वेगळं. परवाना शुल्काच्या बदल्यात तेवढ्याच किमतीची सेवा मिळाली पाहिजे अशी अट नाही, फक्त रक्कम अवाजवी नसावी. त्यामुळे कारखान्यांचं परवाना शुल्क तिजोरीत टाकणं बेकायदा नाही. पण 'आम्ही फी भरतो, म्हणजे आमची तपासणी होते' असं त्यातून सिद्धही होत नाही.

मोठा खर्च तर वेगळाच आहे

कारखान्याच्या सुरक्षेवरच्या खर्चाचा हिशेब मांडला तर सरकारी शुल्क हा त्याचा एक भाग झाला. बाकीचे पैसे थेट खासगी तज्ज्ञांना जातात.

कारखाना कायद्यात 'सक्षम व्यक्ती' नावाचा एक दुवा आहे. लिफ्ट आणि हॉइस्ट दर सहा महिन्यांनी, क्रेनसारखी उचल यंत्रं दर बारा महिन्यांनी अशा मान्यताप्राप्त व्यक्तीकडून तपासून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. दाबाखालच्या भांड्यांचंही तसंच. धोकादायक कारखान्यांना सुरक्षा ऑडिट करून घ्यावं लागतं. त्यासाठी महाराष्ट्राने २०१४मध्ये वेगळे नियम केले. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६नुसार परवानाधारक एजन्सीकडून आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं.

या सगळ्यांना मान्यता सरकार देतं, पण त्यांचं बिल कारखाना भरतो. अडचण इथेच येते. ऑडिटरने कडक अहवाल दिला तर पुढच्या वर्षी काम दुसऱ्याला जाऊ शकतं. प्रामाणिक ऑडिटर पुष्कळ असतात, पण व्यवस्था त्यांच्या प्रामाणिकपणावरच उभी राहते. अहवाल खरा आहे की नाही हे पाहायला शेवटी सरकारी निरीक्षकच लागतो, आणि त्याचा खर्च तिजोरीतून येतो.

ब्रिटनमध्ये तासावर बिल कसं येतं?

ब्रिटनमध्ये कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेची जबाबदारी हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह, म्हणजे 'एचएसई' या संस्थेची आहे. मोठ्या अपघाताचा धोका असलेल्या जागांसाठी तिथे 'कोमाह' नियम आहेत. ते १९९९मध्ये आले आणि २०१५मध्ये नव्याने लिहिले गेले. त्यांच्याखाली निरीक्षक जितका वेळ त्या कारखान्याच्या कामावर घालवतो, अहवाल वाचण्याचा वेळ धरून, तितक्या तासांचं शुल्क कारखान्याला लागतं. कर भरणाऱ्या सामान्य माणसाने तेलाच्या टाक्यांवर देखरेख करण्याचा खर्च का करावा, असा त्यामागचा सरळ विचार.

१ ऑक्टोबर २०१२पासून एचएसईने आणखी एक पद्धत आणली. इतर उद्योगांच्या तपासणीत कायद्याचा ठळक भंग सापडला, तर त्यावर खर्च झालेल्या वेळेचं बिल त्या कंपनीला. सुरुवातीचा दर होता तासाला १२४ पौंड. भंग सापडला नाही तर बिल नाही.

ही पद्धत वादाशिवाय चालली नाही. जानेवारी २०१४मध्ये एचएसईच्या कामकाजाचा आढावा मार्टिन टेंपल यांनी मांडला. या शुल्कामुळे निरीक्षकांच्या निःपक्षपाती प्रतिमेला धक्का बसतो, असा आक्षेप त्यात होता. निरीक्षक सल्ला द्यायला आलाय की बिल फाडायला, असा संशय कंपन्यांना येऊ लागला. बिलावर तक्रार आली की तिचा निकाल एचएसईच देते, यावरूनही एक कंपनी न्यायालयात गेली. त्यानंतर २०१७मध्ये तक्रारींसाठी स्वतंत्र समिती आणावी लागली.

भारतात अशी पद्धत आणायची म्हटली तर पहिला आक्षेप ठरलेला आहे. 'इन्स्पेक्टर राज' परत येईल. ही भीती खोटी नाही. निरीक्षकाच्या हातात तासाचं मीटर दिलं तर त्याचा गैरवापर होऊ शकतो. म्हणूनच गेल्या काही वर्षांत सरकारांचा कल उलट दिशेने आहे. तपासणीची निवड संगणकाने करायची, मालकाने स्वतःच प्रमाणपत्र द्यायचं. महाराष्ट्रातही २०१५पासून स्वयंप्रमाणन योजना आहे. त्यामुळे मालकाचा त्रास कमी होतो, पण तपासणीचा खर्च कुणी करायचा हा प्रश्न सुटत नाही.

यादीबाहेरचा धोका

शुल्क धोक्यानुसार ठरवायचं असं मान्य केलं तरी एक मोठा प्रश्न उरतोच. धोका नेहमी यादीत सापडत नाही.

३१ डिसेंबर २०२३च्या पहाटे वाळूज एमआयडीसीत हातमोजे बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली. काही कामगार आतच झोपले होते. त्यातल्या सहा जणांचा मृत्यू झाला. हातमोज्यांचा कारखाना 'मोठ्या अपघाताचा धोका' या व्याख्येत बसणारा नाही. तिथे जीव गेले ते कापड, बंद जागा आणि रात्री आत झोपलेली माणसं या गोष्टींमुळे.

१५ नोव्हेंबर २०२४ला शेंद्रा एमआयडीसीत एका मद्यनिर्मिती कारखान्यात मका साठवण्याची टाकी फुटली आणि चार कामगारांचा जीव गेला. मका हे काही घातक रसायन नाही. टनावारी धान्य उंचावर साठवलं की ते किती घातक ठरू शकतं, हे रसायनांच्या कुठल्याच परिशिष्टात लिहिलेलं नाही.

या दोन्ही घटनांमध्ये धोका दिसला असता तो माणूस आत जाऊन फिरला असता तर. रात्री कामगार कुठे झोपतात, बाहेर पडायचा दुसरा रस्ता आहे का, टाकीच्या खाली काम चालतं का, हे ऑनलाइन अर्जात दिसत नाही. त्यामुळे शुल्काचा तक्ता कितीही सुधारला तरी त्यातून येणारा पैसा प्रत्यक्ष फेरीवर खर्च होतो का, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा ठरतो.

दुर्घटना झाल्यावर पैसे कोण देतं?

इथे मात्र कायदा धोक्याकडे पाहतो. डिसेंबर १९८५मध्ये दिल्लीतल्या श्रीराम कंपनीतून ओलियम वायूची गळती झाली. त्या प्रकरणात डिसेंबर १९८६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'संपूर्ण दायित्वा'चं तत्त्व सांगितलं. धोकादायक उद्योग चालवणाऱ्याला 'आम्ही काळजी घेतली होती' अशी सबब चालणार नाही. आणि कंपनी जितकी मोठी आणि सधन, तितकी भरपाई मोठी.

पुढे १९९१चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा आला. घातक पदार्थ हाताळणाऱ्या मालकाने विमा काढायचा. तो आपल्या कामगारांसाठी नाही, तर बाहेरच्या लोकांसाठी. विम्याच्या हप्त्यासोबत जास्तीत जास्त तेवढीच आणखी रक्कम पर्यावरण मदत निधीत भरायची. हा निधी २००८मध्ये प्रत्यक्ष उभा राहिला. मूळ कायद्यात मृत्यूसाठी तातडीची मदत फक्त २५ हजार रुपये होती. २०२३च्या जन विश्वास कायद्याने या कायद्यात मोठे बदल केले.

म्हणजे अपघातानंतरच्या मदतीसाठी वेगळा निधी आहे. अपघात टाळायला जो माणूस कारखान्यात जातो, त्याच्यासाठी असा निधी नाही.

नव्या संहितेने काय बदललं?

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५पासून देशात लागू झाली. १९४८चा कारखाना कायदा तिच्यात विलीन झाला. नवे नियम पूर्ण लागू होईपर्यंत जुने नियम चालू राहतील, अशी व्यवस्था आहे. कारखान्यांचं शुल्क ठरवण्याचा अधिकार राज्यांकडेच राहिला आहे.

काही ठळक बदल असे:

- मूळ कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागी १० आणि विजेशिवाय २० कामगार असले की कारखाना मानला जाई. संहितेत हे आकडे २० आणि ४० आहेत. केंद्राने धोकादायक म्हणून अधिसूचित केलेल्या कामांना मात्र ही संख्येची अट नाही.
- निरीक्षक आता 'निरीक्षक-नि-सुविधाकार' झाला आहे. तपासणीची निवड संगणकीय पद्धतीने होईल.
- त्रयस्थ संस्थेकडून ऑडिट आणि प्रमाणपत्राला संहितेत जागा दिली आहे.
- धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात २५० कामगार असले की सुरक्षा अधिकारी नेमावा लागेल. इतर कारखान्यांसाठी हा आकडा ५०० आहे.
- कर्तव्यात कसूर झाल्याने कामगाराचा मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड किंवा दोन्ही. दंडातली किमान निम्मी रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं.
- तडजोडीने मिटवलेल्या गुन्ह्यांची रक्कम असंघटित कामगारांच्या सामाजिक सुरक्षा निधीत जाईल.

शेवटचा मुद्दा पाहण्यासारखा आहे. विशिष्ट पैसा विशिष्ट निधीत टाकायचा हे कायदा करणाऱ्यांना जमतं. परवाना शुल्काच्या बाबतीत तो निर्णय झालेला नाही. राज्य नव्या नियमांत शुल्काचा तक्ता लिहील, तेव्हा अश्वशक्ती आणि कामगारसंख्या यांच्या शेजारी साठ्याच्या टनांचा रकाना येतो का, आणि जमा होणाऱ्या रकमेचा काही हिस्सा तपासणीसाठी राखून ठेवला जातो का, हे पाहावं लागेल.

नागरिक आणि कामगार काय विचारू शकतात?

कारखान्याच्या शेजारी राहणाऱ्यांसाठी आणि आत काम करणाऱ्यांसाठी काही गोष्टी आजही विचारण्यासारख्या आहेत.

पहिली, माहिती. एमएएच कारखान्याने अपघात झाल्यास काय होऊ शकतं आणि लोकांनी काय करायचं, हे आसपासच्या रहिवाशांना कळवणं १९८९च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. रांजणगाव, बजाजनगर किंवा पंढरपूर अशा वाळूज परिसरातल्या वस्त्यांमध्ये हे कधी कुणी सांगितलं आहे का, असा प्रश्न ग्रामसभेत किंवा सोसायटीत विचारता येतो.

दुसरी, जिल्ह्याची तयारी. रासायनिक अपघातांविषयीच्या १९९६च्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा संकट गट असतो. त्याची बैठक दर ४५ दिवसांनी व्हायला हवी. औद्योगिक पट्ट्यासाठीचा स्थानिक गट दर महिन्याला भेटायला हवा. शेवटची बैठक कधी झाली, कुंपणाबाहेरच्या आराखड्याची तालीम गेल्या वर्षी झाली का, हे माहिती अधिकारात मागता येतं.

तिसरी, पैशांचा हिशेब. गेल्या वर्षी जिल्ह्यातल्या कारखान्यांकडून परवाना शुल्क किती जमलं, मंजूर पदांपैकी किती भरलेली आहेत, धोकादायक कारखान्यांच्या प्रत्यक्ष किती तपासण्या झाल्या. हे तीन आकडे शेजारी शेजारी ठेवले की शुल्क आणि सुरक्षा यांचं नातं कागदावर दिसतं. व्यापारी गुपित म्हणून कारखान्याची काही माहिती नाकारली जाऊ शकते, पण सरकारी कार्यालयाच्या स्वतःच्या कामाचे आकडे त्यात येत नाहीत. महाराष्ट्रात माहिती अधिकाराच्या अर्जाचं शुल्क १० रुपये आहे आणि दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही माफ असतं.

चौथी, कामगारांसाठी. कारखान्यात सुरक्षा समिती असेल तर तिच्या बैठकीत शेवटच्या ऑडिटचा अहवाल मागा. त्यातल्या किती शिफारशी अंमलात आल्या ते विचारा. भिंतीवर टांगलेला परवाना एवढंच सांगतो की शुल्क भरलं आहे आणि कागद पूर्ण आहेत. बाहेर पडायचं दार उघडतं की नाही, हे ऑडिट अहवालात आणि त्या दारापाशी उभं राहूनच कळतं.